कपारीतला गाळ

जालिंदर वर आला तेव्हा आधी त्याची मूठ पाण्याबाहेर आली, मग डोकं.

काठावरची पोरं मोठ्यानं आकडे मोजत होती. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. मूठ दिसली तसे आकडे मोडले आणि नुसता कल्लोळ उठला. चार हात मारून तो पायरीशी आला, एका हातानं दगड धरला आणि दुसरा हात सगळ्यांना दिसेल असा उघडला. तळहातावर लाल मुरूम होता. ओला, खरबरीत, बारीक खड्यांचा.

"तळ आणला! तळ आणला!" पोरं नाचायला लागली.

माझ्या हातात दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, पाठीवर वाळका भोपळा बांधलेली नऊ वर्षांची शेवंता पाय झाडत होती. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. पण त्याच विहिरीच्या तळाचा म्हणून चौदा वर्षांपूर्वी मी जो गाळ वर आणला होता, तो काळा होता.

पायरीवर म्हादबाआबा तंबाखू मळत बसला होता. गावातलं सगळ्यात जुनं माणूस. डोळ्यांना कमी दिसायचं, पण नको ते नेमकं दिसायचं.

"रंग्या," तो म्हणाला, "तुझ्या येळंला काळाभोर गाळ निघालता की रं. ह्यो तांबडा कसा?"

मी हातातली दोरी उगाच ताणून बघितली. जालिंदरनं ओल्या पापण्यांतून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग तो म्हाताऱ्याकडे वळला.

"चौदा वर्सं झाली, आबा. गाळ काय एका जागी बसून ऱ्हातो व्हय?"

म्हादबाआबानं मान हलवली आणि तंबाखू तोंडात टाकली. विषय मिटला. जालिंदरनं मूठ पाण्यात धुतली आणि जाता जाता माझ्याकडे बघून किंचित हसला. त्यानं मला उघडं पाडलं असतं तर मला इतका राग आला नसता. त्यानं मला झाकलं, हे मला सहन झालं नाही.

ही गोष्ट एक्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, गावच्या प्राथमिक शाळेत शिपाई. पोरं मला मामा म्हणायची. एप्रिलपासून शाळा सकाळची व्हायची. अकराला घंटा दिली की मी खांद्यावर दोरी टाकून थोरल्या विहिरीवर जायचा, आणि माझ्या मागून पोरांची रांग. ही विहीर येरळेच्या काठाजवळची, भर उन्हाळ्यातही पाच परस पाणी धरणारी. पाच माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याची शेंडी भिजेल, एवढं. आमच्या गावातलं प्रत्येक पोर तिथंच पोहायला शिकलं.

त्या विहिरीची एक रीत होती. पोहायला कुणालाही यावं, पण दुसऱ्याच्या पोराच्या कमरेला दोरी बांधायची तर आधी तळ दाखवावा लागायचा. बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणायची, ती जुन्या दोरीवाल्याच्या हातावर ठेवायची. तो ती बोटांनी चोळून बघायचा, कपाळाला टिळा लावायचा आणि दोरी हातात द्यायचा. मग तुम्ही विहिरीचे.

माझ्या वेळी दोरी सदूआण्णांकडे होती. सदूआण्णा म्हणजे जालिंदरचे वडील. त्यांना दम लागायला लागला तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. जालिंदर आणि मी एकाच वर्गातले, दोघेही अठराचे. आधी मी उतरलो.

अडीच परसावर गेलो आणि कानात कुणीतरी दाभण खुपसलं. डोळ्यांपुढं हिरवा अंधार. मी भिंत चाचपत खाली सरकायला बघत होतो, पण अंग खाली जाईना आणि मन तर त्याहून जाईना. तेवढ्यात हाताला कपार लागली. दोन दगडांमधली फट, कोपरभर खोल. आत मऊ, थंड गाळ साठलेला. मी मूठ भरली. लगेच वर आलो असतो तर कळलं असतं, म्हणून कपारीला धरून छाती फुटेपर्यंत तिथंच लटकून राहिलो. मग वर आलो.

सदूआण्णांनी गाळ बोटांनी चोळला. बराच वेळ चोळला. माझ्याकडे पाहिलं. आणि मग माझ्या कपाळाला तो काळा टिळा लावला. जालिंदरला त्यांनी पाण्यात उतरूच दिलं नाही. "एक दोरी, एक माणूस," एवढंच म्हणाले. जालिंदर त्याच आठवड्यात मुंबईला गेला आणि पुढं गोदीत बुड्या मारणाऱ्यांच्या तुकडीत लागला. त्याला मुंबईची ओढ होती, असं मी समजून चाललो.

त्यानंतरच्या चौदा वर्षांत माझ्या दोरीला शे-सव्वाशे पोरं पोहायला शिकली. एकालाही इजा झाली नाही. मधल्या काळात सदूआण्णा गेले. गावानं मला मान दिला, लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं, पण त्या मानाचा एक घासही मला गोड लागला नाही. कुणाची कळशी विहिरीत पडली की मला बोलावणं यायचं. मी वरूनच गळ सोडून ती काढायचा आणि मनात म्हणायचा, आज कुणी म्हणू नये, मामा बुडी मारूनच काढा की. एखादा पाहुणा "हेच का विहिरीचे उस्ताद?" असं विचारायचा तेव्हा मला वाटायचं, माझ्या मागं कुणीतरी दुसरा उभा आहे आणि तो त्याच्याबद्दल विचारतोय.

आणि आता तो दुसरा खरोखरच आला होता. आई आजारी म्हणून जालिंदर दोन महिन्यांची रजा काढून गावी आला होता.

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याच्याकडे सरकू लागली. आधी मोठी सरकली, मग मधली. तो पोरांना धावेवरून सूर मारायला शिकवायचा. धाव म्हणजे पूर्वी मोटेचे बैल जिथून उतरायचे ती उतरती जागा, पाण्यापासून दोन पुरुष उंच. पाय जुळवून, हात कानाला लावून पोरं बाणासारखी खाली जायची. मी शिकवायचा ते काय? पालथं पड, तोंड वर ठेव, पाय मार, श्वास सोड, घाबरू नकोस, मी आहे. हे बघायला कोण थांबणार?

सोमवारी माझ्या दोरीवर अकरा पोरं होती. गुरुवारी चार. चौघांपैकी तीन भित्री आणि एक शेवंता. तीही तिच्या आजीचा धाक होता म्हणून. "मामाच्याच दोरीला जायचं," असं गोदाक्कानं तिला बजावलं होतं.

मी दोरी धरून उभा असायचा आणि नजर मात्र धावेवर. त्याची रुंद पाठ बघायचा. त्याचा मुंबईचा पांढरा पंचा. पोरांना बोलावताना तो दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचा, ती मला रात्री जेवतानाही ऐकू यायची. त्याचा पाय शेवाळावरून घसरावा असं मला रोज वाटायचं. मोडू नये. नुसता घसरावा, पोरांच्या समोर.

घरी बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "सदूआण्णांचा पोरगा म्हणं लई खोल जातो. धुणं धुवायला गेल्या त्या सगळ्या बायका बघत ऱ्हायल्या."

"मग तू बी जायाचंस बघाय."

"गेलते की," ती सरळ म्हणाली. "काय वो, तुम्ही पण असंच जायचा का?"

मी ताटावरून उठलो. तिला काय झालं ते कळलं नाही. ती मागून म्हणत राहिली, "अवो, आमटी तरी संपवा."

एका दुपारी विहिरीवर चिटपाखरू नसताना मी एकटाच गेलो. दोरी काठावर ठेवली आणि बुडी मारली. या खेपेला तळ गाठायचाच, मग मी खरा. दोन परस, अडीच परस. तेच दाभण कानात. हात आपोआप भिंतीकडे गेला आणि तीच कपार हाताला लागली. चौदा वर्षांनी, तिथंच, तशीच. मी वर आलो आणि पायरीवर बसून ओकारी काढली. त्यात नुसतं पाणी होतं.

त्याच संध्याकाळी मी पिठाच्या गिरणीत गेलो होतो. गिरण चालवायची गोदाक्का, शेवंताची आजी. डोक्यावर पीठ, भुवयांवर पीठ, आणि तोंड गिरणीच्या पट्ट्याबरोबर चालू.

"रंगा, तुझी पोरं कमी झाली म्हणं. आमची शेवंता पण मागं लागलीया, जालूकाकाकडं जाती म्हणून. धाडू का रं?"

मी म्हणायला हवं होतं, धाड. ते माझ्या ओठांवर आलंही होतं.

"धाड की," मी म्हणालो. आणि मग आवाज खाली आणून बोललो, "पण गोदीतनं त्याला का धाडलाय, ते कळलं का तुला?"

"रजेवर आलाय न्हवं?"

"रजा कसली. फिट येती म्हणं. पाण्यात असताना."

गोदाक्काचे डोळे पिठातून मोठे झाले. "अगं बया! कोण म्हणलं?"

"ऐकलंय. तू कुणाला बोलू नगंस."

गोदाक्काला बोलू नकोस म्हणणं म्हणजे चावडीवर दवंडी देणं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराची घंटा दिली आणि मागं वळलो तर सतरा पोरं रांगेत उभी. विहिरीवर जालिंदर आमच्या आधीच आलेला. त्यानं शीळ घातली. एकही पोर हललं नाही. एका मोठ्या पोराला तो म्हणाला, "काय रं, आज सूर न्हाई मारायचा?" पोरानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "आई नगं म्हणलीया," म्हणाला आणि माझ्या मागं येऊन उभा राहिला.

जालिंदर मागं सरकला. मग उंबराखाली जाऊन बसला आणि पंचा घडी करून मांडीवर ठेवला.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सतरा पोरं, माझी दोरी, माझी विहीर. पण पहिलं पोर पाण्यात सोडलं आणि दोरीची गाठ बघितली तर ती चुकीची होती. चौदा वर्षांत माझी गाठ चुकली नव्हती. पोर वर घेतलं, गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मामा, थंडी वाजती व्हय?" शेवंतानं विचारलं. एप्रिलच्या उन्हात.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिसरीच्या वर्गात केर काढत होतो. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर जालिंदर. तो आत आला, पोरांच्या बसकरावर मांडी घालून बसला. तिसरीतल्या पोरांच्या जागेवर एवढा दांडगा माणूस. मी झाडू हातात तसाच धरून उभा.

"मला फिट येती, रंगा?" त्यानं विचारलं.

मी झाडूची एक काडी उपसून काढली.

"न्हाई, मला ठाऊक नव्हतं म्हणून विचारतो. आईला कालपासनं दम लागलाय. म्हणती, घराबाहेर पडू नगंस. सकाळी अंघोळीला बसलो तर न्हाणीच्या दाराशी उभी. बादलीत पडशील म्हणती."

त्याची आई म्हणजे सदूआण्णांची बायको. विहिरीवरून परतताना कितीदा तरी तिनं मला हाक मारून भाकरी आणि ठेचा खाऊ घातला होता. मला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

"कुणी उठवलं?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"गोदाक्का कुणाचं नाव राखून ठेवती व्हय?" तो म्हणाला. मग बसकराचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत त्यानं विचारलं, "कपार किती खोल हाय? अडीच परस?"

झाडू माझ्या हातातून पडला.

"मी दर बुडीला बघतो ती," तो म्हणाला. "काळा गाळ तिथंच हाय. सगळ्या विहिरीत दुसरीकडं कुठं न्हाई."

"मग सांग की गावाला. त्या दिवशी आबासमोर का न्हाई सांगितलंस?" मी एकदम चिडून बोललो. चोरी पकडली गेली की माणूस असाच चिडतो. "माझी दोरी काढून घ्यायचीच हाय तर उघड घे. हसत हसत कशाला?"

"बापाला माहीत होतं," जालिंदर म्हणाला.

"काय?"

"कपारीतला गाळ हाय म्हणून. बोटाला लागताक्षणी वळखला त्यानं. ती विहीर त्यानं दोनदा उपसली होती. तळ मुरमाचा हाय हे त्याला ठाऊक नसंल व्हय?"

चौदा वर्षं मी ज्या माणसाला फसवलं म्हणून झुरत होतो, तो फसलाच नव्हता.

"मग मला का दिली? तू हुतास की. तू गेला असतास तळाला."

"तेच मी त्याला इचारलं. त्याच सांजंला. लई भांडलो. भांडूनच गाडी धरली." तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "म्हणला, जालिंदर, तू खाली जाऊन येशील. पण तू खाली गेलास की वर किती पोरं हायत ते तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. रंगा, तुला आठवतं का, त्याआधी आग्यामोहोळ उठलं होतं ते?"

मला माझं सुजलेलं तोंड आठवत होतं. बाकी फारसं काही नाही.

"उंबरावरचं मोहोळ उठलं. सगळी पळाली. मी तर पहिला. बाप काठीला टेकत टेकत लांब जाऊन उभा ऱ्हायला आणि मागं वळून बघतो तर तू काठावर. डोक्यावर घोंगडं, आणि कुणाचा सदरा मागं ऱ्हायलाय का ते बघतोयस. पोरं पळताना आपापले सदरे उचलून पळाली होती. एक उरला होता. तू तो सदरा बघितलास आणि खाली उतरलास. गुरवाचं पोर पायरीच्या आडाला मुरगळलेला पाय धरून बसलं होतं. त्याला घोंगड्यात घालून वर आणलंस. तुझं तोंड भोपळ्यासारखं झालं हुतं चार दिस."

त्यानं बोटाला गुंडाळलेला धागा सोडवला.

"बाप म्हणला, तळ ह्याला घावला न्हाई ते मला कळतंय. पण पोरं मी ह्याच्याच हवाली करणार. मला तवा काय पटलं न्हाई. मला वाटलं, माझा बाप आणि पोर दुसऱ्याचं मोठं करतो. तुझ्यावर लई जळत हुतो, रंगा. गोदीत लागलो तरी जळत हुतो. मग तिथं एक माणूस भेटला. मालवणकडचा, चव्हाण म्हणून. आम्ही खाली जायचो तवा आमच्या कमरेची दोरी तो वर धरायचा. त्यानं जल्मात बुडी मारली न्हवती. पाण्याला भ्यायचा. पण बुड्या मारणारे चाळीस जण हुतो आम्ही, आणि सगळे विचारायचे, आज वर कोण हाय? चव्हाण हाय का? तो असला तर खाली जीव निवांत."

बाहेर शाळेच्या आवारात कुणाची तरी शेळी ओरडत होती. जालिंदर उठला, बसकराची गुंडाळी करून भिंतीला लावून ठेवली.

"तुझा गाळ काळा का तांबडा, ते तुझं तू बघ. मी कुणाला सांगणार न्हाई. पण फिट तू आणलीस, ती तूच घालव. आईला झोप न्हाई."

तो गेला. मी राहिलेला वर्ग झाडला. मग तोच पुन्हा झाडला.

फिट खोटी होती एवढं सांगणं सोपं होतं. ऐकीव होतं, चुकलं, म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग लोक विचारणार, तू का बोललास? आणि त्याचं खरं उत्तर दिलं की दोरी गेली. दोरीवाचून मी कोण होतो? शाळेत घंटा देणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी जाताना मी आधी जालिंदरच्या घरी गेलो. "विहिरीवर चल," म्हणालो, "आणि काकींना पण घे." त्यानं काही विचारलं नाही. आईला आधार देत तो आला आणि दोघं उंबराखाली बसली. शनिवार होता, धुण्याचा दिवस. बायका होत्या, गोदाक्का होती, म्हादबाआबा तर होताच. पोरं अठरा.

शेवंताचा त्या दिवशी भोपळा सुटायचा होता. नुसत्या दोरीवर पहिलाच दिवस. मी तिच्या कमरेला गाठ बांधली, दोनदा ओढून बघितली आणि तिला पाण्यात सोडलं. ती चार हात गेली आणि मी बोलायला सुरुवात केली. आता बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"ऐका जरा. सगळ्यांनी ऐका. जालिंदरला फिट येत न्हाई. कधीच आली न्हाई. ते मी उठवलं. गिरणीत गोदाक्काला मीच सांगितलं."

धुणं आपटायचं थांबलं.

"म्हंजे मला खोटी पाडलीस की रं!" गोदाक्का ओरडली. "साऱ्या गावात मी सांगत फिरले!"

"व्हय आक्का. पोरं त्याच्याकडं गेली ते मला बघवलं न्हाई म्हणून. आणि दुसरं." मी पाण्याकडे पाठ करून सगळ्यांसमोर उभा राहिलो. "मी ह्या विहिरीचा तळ बघितलेला न्हाई. तो काळा गाळ कपारीतला होता. मला खाली जाता येत न्हाई. तवाही येत नव्हतं, आत्ताही येत न्हाई."

"मी म्हणलंच हुतं!" म्हादबाआबा खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाला. "काळा कसा, म्हणलंच हुतं!"

मी दोरीचं टोक हातातून सैल केलं आणि उंबराकडे हात केला.

"रीतीनं ही दोरी माझी न्हवं. जालिंदर, ही घे."

जालिंदर उठला नाही. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो माझ्या मागं, पाण्याकडे बघत होता.

"मामा!" पाण्यातून कडक आवाज आला. "मागनं बोला की काय बोलायचं ते! दोरी ढिली पडलीया!"

मी गर्रकन वळलो. शेवंता मधोमध होती. हनुवटी पाण्याला टेकलेली, डोळे माझ्यावर रोखलेले, आणि चांगलीच चिडलेली. मी एका झटक्यात दोरी ताणली. हाताला तिचं वजन लागलं, आणि बोटांना काय करायचं ते सगळं आपोआप आठवलं.

"धरलीय," मी म्हणालो. "मान वर. घाई करू नगंस. श्वास सोड. पाय मार. मी हाय."

"मग आधी का न्हाई धरली!"

"चुकलं. मार पाय."

ती पाय मारत राहिली. समोरची भिंत गाठली, दगडाला हात लावला, वळली आणि परत निघाली. निम्म्यात तिचा दम गेला तसं मी दोरीला हलकासा ताण दिला. एवढाच की ती बुडणार नाही, आणि तिला कळणारही नाही. मागं कोण काय कुजबुजतंय, गोदाक्का कुठं आहे, हे मला ऐकू येत नव्हतं. पायरीला हात लागला तेव्हा मी तिला वर घेतलं आणि दोन्ही हातांनी गाठ सोडली.

सोडून झाल्यावर मान वर केली तर गोदाक्का समोर उभी. कमरेवर हात. मला वाटलं, आता ती नातीला हाताला धरून घेऊन जाणार आणि तिच्यामागं बाकीची पोरं. तिनं खांद्यावरचा कोरडा कपडा ओढून शेवंताच्या डोक्यावर टाकला, खसाखसा पुसायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी त्या म्हातारीच्या पाया पड जा. माझं तुझं मागनं बघू. गिरणीत ये, सांगते तुला."

मी उंबराखाली गेलो, काकींच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातातली दोरी हातात घेतली, बोटांनी तिचा पीळ चाचपला, बराच वेळ चाचपला, आणि माझ्या हातात परत ठेवली. जालिंदर तोवर धावेवर चढला होता. त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. सात-आठ मोठी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"जावा की," मी म्हणालो. "पण सदरे हितं ठेवून जावा."

त्या उन्हाळ्यात पुढं तसंच चाललं. तो वरून उड्या मारायला लावायचा आणि मी काठावर उभा असायचा. जालिंदर परत गेला, पुन्हा येत राहिला. मी अजून तळ पाहिलेला नाही. आता सत्तरी ओलांडली, आता तो पाहायची घाईही नाही. त्याचा पाय शेवाळावरून घसरावा असं त्यानंतरही मला कधीमधी वाटलं. खोटं कशाला सांगू.

पण त्या शनिवारी, पोरं पांगल्यावर, शेवंता झग्याचं पाणी पिळत माझ्याजवळ आली.

"मामा, तुम्ही सगळ्यांना काय सांगत हुता? मला काय ऐकाय आलं न्हाई. कानात पाणी गेलं हुतं."

मी पायरीवर बसलो आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कपार, काळा गाळ, सदूआण्णा, गिरण. दुसऱ्या खेपेला आवाज कापला नाही. तिनं मान एका बाजूला झुकवून, एका पायावर उड्या मारत, कानातलं पाणी काढत सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या पण भोपळ्याशिवाय का?"